साखराबाईच्या पायाचं माप

शिरमाळमध्ये म्हणतात, शरणप्पा माणसाच्या तोंडाकडे कमी बघतो आणि पायांकडे जास्त. ते खोटं नाही. तोंड शिकवलेलं असतं, वळवावं तसं वळतं. पण उभ्या माणसानं भार कुठल्या पायावर टाकलाय, निघून जायची तयारी कुठल्या टाचेत सुरू झालीय, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. शरणप्पाला ते दिसतं. म्हणून त्याच्याशी बोलताना लोक नकळत पाय मागे घेतात, आणि त्याला वाटतं, बघा, काहीतरी लपवतायत.

पायांकडे बघायची ही सवय त्याला खड्ड्यांनी लावली. निलंग्याहून औरादकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत दोन कोसांवर शिरमाळ. गावात लिंगायतांची चाळीसेक घरं. त्यांच्यात मेलेल्याला जाळत नाहीत आणि आडवंही निजवत नाहीत, बसवतात. चौकोनी खड्डा, दक्षिणेच्या भिंतीत पाठ टेकेल असा कोनाडा, त्यात मांडी घालून माणूस, तोंड उत्तरेला, डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग. मग बेल, भस्म, मीठ आणि माती. हे खड्डे गेली त्रेचाळीस वर्षं शरणप्पानं खणले. एकोणीस वर्षांचा असताना चुलता मलप्पानं त्याच्या हातात कुदळ दिली आणि एकच गोष्ट शिकवली, माप. मेलेल्याच्या तळपायाला टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी लावायची, गाठ मारायची. अशी पाच मापं खड्ड्याची बाजू, सात मापं खोली. काम झालं की सुतळी खड्ड्यातच टाकायची. माप मागं ठेवायचं नाही.

शरणप्पानं दोन मापं मागं ठेवली होती. घराच्या आढ्याला एक चीर आहे, तिच्यात दोन सुतळ्या. एक त्याची स्वतःची. दुसरी बायकोची, साखराबाईची. बारा वर्षांपूर्वी तिला तापानं घेरलं होतं, एकविसाव्या दिवशी दुपारी ती निपचित पडली, तेव्हा यानं सुतळी आणून तिच्या पायाला लावली. संध्याकाळी तिनं डोळे उघडले आणि पेज मागितली. सुतळी फेकावी कशी, हे त्याला कळलं नाही. दोन्हींचा घोळ होऊ नये म्हणून तिच्या सुतळीला त्यानं तिच्याच लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी बांधली आणि वर चिरीत सरकवली. शेताच्या धुऱ्यावर लिंबाखाली त्याचा बाप, आई, मलप्पा बसलेले. त्यांच्या उजवीकडे दोन माणसांपुरती जागा त्यानं कधी नांगरू दिली नाही. मुलगी सुकन्या दिली बिलोलीकडे, तिचं तिकडे चाललं आहे. मागं राहिली ही दोन माणसं आणि या दोन जागा. बाकी कशाची शरणप्पाला खात्री नव्हती, पण या दोन जागांची होती.

तीच खात्री या वर्षी तुरी फुलायच्या दिवसांत हलली.

साखराबाईच्या गळ्यात लिंगाचा दोरा दिसेना. आधी त्याला वाटलं, पदराखाली असेल. मग तो बघत राहिला. अंघोळीनंतर, भाकऱ्या थापताना, वाकून शेणाचं टोपलं उचलताना. दोरा नव्हता. देवळीतही लिंगाची चांदीची डबी नव्हती. चाळीस वर्षं सकाळी तळहातावर लिंग ठेवून ओठ हलवणारी ही बाई आता नुसती भिंतीकडे तोंड करून घटकाभर बसायची आणि उठायची. विचारावं तर तोंड उघडेना. विचारलं की उत्तर येतं, आणि आलेलं उत्तर परत पाठवता येत नाही.

रविवारी ती केवळाबाईच्या शेतात जायची. केवळाबाई पाटाच्या पलीकडे राहणारी, मूलबाळ नसलेली विधवा. नवऱ्याच्या मागे वीस गुंठे तिच्या नावावर राहिलेले, अगदी गावात येणाऱ्या रस्त्याला लागून. त्यात तिनं पत्र्याचा शेड टाकू दिला होता आणि दर रविवारी तिथं निलंग्याहून एक पास्टर यायचा. आठ-दहा बाया, दोन म्हातारे. गाणं, प्रार्थना, परत गाणं. आतापर्यंत शरणप्पाला त्याचं काही वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या शेतातलं तण, आपल्याला काय. पण आता तो एका रविवारी मागोमाग गेला आणि शेडामागच्या तुरीत बसला.

गाणं संपलं. मग एक बारीक, घोगरा आवाज एकेकाचं नाव घेऊ लागला. सुमनबाईच्या दम्यासाठी. केवळाबाईच्या छातीतल्या कळेसाठी. साखराबाईच्या गुडघ्यांसाठी. शरणप्पा कान लावून बसला. आवाज थोडा थांबला आणि म्हणाला, "आणि प्रभू, शरणप्पासाठी. त्यांच्या मनाला थोडी झोप दे."

माझं नाव यांना कुणी दिलं? घरातली पितळी घागर कुणी परस्पर उचलून नेली असती तर त्याला एवढं लागलं नसतं. घागर परत आणता येते. नाव एकदा परक्या माणसाच्या तोंडात गेलं, ते कुठं कुठं फिरत असेल! तो वाकून वाकून तुरीतून बाहेर निघाला. घरी येऊन आढ्याच्या चिरीतून हिरव्या चिंधीची सुतळी काढली आणि बंडीच्या खिशात ठेवली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. बायको नेली तर सगळीच नेतील, निदान हे तरी आपल्यापाशी असावं, असं काहीतरी.

संध्याकाळी ती आली तेव्हा त्यानं विचारलं, "झाली का भेट?"

"कुणाची?"

"केवळाची."

"व्हय, झाली की," ती म्हणाली आणि चुलीला लागली. त्यानं तिचे पाय बघितले. दोन्ही पायांवर सारखा भार. ते त्याला अधिकच संशयाचं वाटलं.

अशा माणसाला शोधत हणमंतराव आले नसते तरच नवल. हणमंतराव मागच्या पाच वर्षांतले उपसरपंच, पांढरे कपडे, दोन फोन. पारावर शरणप्पाशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "आप्पा, घर फुटायलंय तुमचं, आन तुमी गप?"

"फुटायलंय ते तुमाला कुठून दिसलं?"

"सगळं गाव बघायलंय."

"गावाला लई लांबून दिसतं."

हणमंतराव हसले. खिशातून एक टाईप केलेला कागद काढला. "ह्याच्यावर दस्तखत करा. बाकी मी बघतो. चार दिवसांत त्यो पाद्री गावात दिसायचा न्हाई. शेड बी न्हाई."

शरणप्पा चौथीपर्यंत शिकलेला. त्यानं बोट फिरवत कागद वाचला. 'माझ्या पत्नीस आमिष दाखवून व तिची दिशाभूल करून.' दोनदा वाचला. पत्नीचं नाव कुठंच नव्हतं.

"आमिष म्हंजे काय दिलं हो त्यांनी?"

"असंल की. तांदूळ, साड्या, काय पण."

"आमच्या घरी तर नवं काईच आलं न्हाई. उलट आमचंच एक चवाळं गेलंय, शेडात बसायला."

"आप्पा, तुमाला मस्करी सुचायली. उद्या बायको म्हणंल, मला तुमच्या लिंबाखाली बसायचं न्हाई, मला तिकडं झोपवा. मग काय करसाल?"

ही जागेची गोष्ट शरणप्पा कुणाशीच बोलला नव्हता. हणमंतरावांना कशी कळली? की गावातल्या प्रत्येकाला कळते? त्यानं हणमंतरावांच्या पायांकडे बघितलं. डाव्या चपलेचा अंगठा रस्त्याकडे फिरला होता, जिथं केवळाबाईचे वीस गुंठे सुरू होतात. त्याच्या लक्षात आलं, पण लक्षात आलेलं त्यानं मनात ठेवलं. कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला.

"बघतो," तो म्हणाला.

कागद खिशात आठ दिवस राहिला. एका खिशात कागद, एका खिशात सुतळी. दस्तखत केलं की पास्टर जाईल, शेड जाईल, साखराबाई रविवारी घरी राहील. पण गेली असेल ती बाई घरी राहून परत येते का? आणि गेलीच नसेल तर? आधी कळायला पाहिजे होतं. ती त्याच्याशेजारी बसणार आहे की नाही, एवढंच. रात्रंदिवस तेच.

नवव्या दिवशी सकाळी दारात मोटारसायकल थांबली. पास्टर उतरला. तिशीतला, काळासावळा माणूस, नखांत काळं तेल. आठवड्याचे सहा दिवस तो निलंग्यात शिलाई मशीन दुरुस्त करायचा. चपलेचा पट्टा तुटलेला, मशीनच्याच दोऱ्यानं शिवलेला.

"आप्पा, केवळामावशी गेल्या. पहाटं छातीत कळ आली."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. साखराबाई डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली, कुणाकडे न बघता पाटाकडे चालू लागली. शरणप्पा ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

"मग?" तो म्हणाला.

"त्यांच्या पुतण्यांनी अंग काढून घेतलं. म्हणाले, तुमची बाई, तुमीच न्या. त्यांना त्यांच्याच रानात ठिवायचं हाय. जेसीबीवाला व्हय म्हणला, आन तासाभरात त्याचं डिझेल संपलं. गावात कुणी कुदळ द्यायला तयार न्हाई. म्हणून आलो."

"माझ्याकडंच कसं?"

"साखरामामी म्हणल्या व्हत्या मागं कधीतरी. गावात तुमच्यावाणी सरळ खणणारा कुणी न्हाई म्हणून."

असं म्हणाली! तिकडे, त्या लोकांत बसून, माझ्या खणण्याबद्दल! शरणप्पाला बरं वाटलं आणि लगेच वाटलं, हेही एक जाळं असेल.

"तुमचं नाव काय?"

"दयानंद."

"पाद्र्याचं नाव दयानंद कसं?"

"बापानं ठिवलंय, आप्पा."

"मग बदललं न्हाई?"

"बापानं दिलेलं एवढंच हाय माझ्यापाशी. ते बी टाकू का?"

शरणप्पाला यात खोट सापडेना, म्हणून तो अस्वस्थ झाला. पण जायचं त्याच्या मनात आधीच ठरलं होतं. मातीला सगळे येणार. आतले कोण, बाहेरचे कोण, ते खड्ड्याच्या काठावर दिसतंच. साखराबाई कुठं उभी राहते, काय म्हणते, माती कशी टाकते, सगळं. त्रेचाळीस वर्षं त्यानं काठावरचे लोक बघितले होते.

"मी एकटा खणीन," तो म्हणाला. "कुणी मधी यायचं न्हाई. तीनच्या आत हुतंय."

"मी निलंग्याहून पेटी घेऊन येतो," पास्टर म्हणाला आणि गेला.

शेडापासून थोडं आत, बोरीच्या झुडपाजवळ सुमनबाईनं जागा दाखवली. सुमनबाई अंगणवाडीत मदतनीस, जिभेला धार. "खोल खणा बरं का आप्पा, कुत्री लई झालीत," एवढं म्हणून ती मयताच्या घरी परत गेली. शरणप्पानं सदरा काढून बोरीला अडकवला. कुदळ उचलली आणि थांबला. माप नव्हतं. केवळाबाईच्या घरात शिरून तिच्या पायाला हात लावायचं त्याच्या मनाला येईना, तिथं ते सगळे असतील. माप नसताना पहिला घाव घालायचं मात्र हाताला येईना. त्यानं बंडीच्या खिशातून हिरव्या चिंधीची सुतळी काढली. बाईसारखी बाई, उंचीला सारखीच, पाय तेवढाच असणार. पाच मापं टाकली, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, सुतळी एका खुंटीला अडकवली आणि खणायला लागला.

वर हातभर काळी माती, तिच्याखाली चिकट पिवळी, मग मुरूम. मुरमात सब्बल खणखणायला लागली. हात आपोआप चालत होते. डोळे रस्त्याकडे. कोण चाललंय, कोण थांबलंय, पाटावरून कोण येतंय. साखराबाई आत काय करत असेल? मयताला अंघोळ घालत असेल. त्यांच्यात कशी घालतात? ती त्यांच्यासारखी घालत असेल की आपल्यासारखी? एक ढेकूळ निघालं की एक विचार. अकरा वाजता रस्त्यावर हणमंतरावांची गाडी हळू झाली, काच खाली आली, वर गेली. दुपारी तो छातीएवढा आत होता. कुदळ बाजूला ठेवून त्यानं फावड्याच्या कडेनं दक्षिणेच्या भिंतीत कोनाडा कोरला, पाठ टेकेल तिथं तळहातानं गुळगुळीत केला, उतरायला दोन पायऱ्या केल्या. घाम पुसला. खड्डा फार चांगला झाला होता, कोपरे काटकोनात. मग गाण्याचा आवाज आला.

चौघांच्या खांद्यावर पेटी होती. लाकडाची, नवी, लांब.

पेटी काठाशी आली आणि गाणं थांबलं. शरणप्पानं पेटीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाखाली. आपण काय खणलंय, ते त्याला तेव्हा कळलं. गावात मुसलमानांची दोन घरं होती, आडव्या कबरी त्यानं बघितल्या होत्या. माहीत नव्हतं असं नाही. हातांना कुणी सांगितलं नव्हतं. पेटी आत जाणं शक्य नव्हतं. उभी केली असती तर गेली असती.

"अगं बाई, हे काय!" कुणीतरी म्हणालं.

"मुद्दाम केलंय," सुमनबाई म्हणाली. ती बोरीजवळ उभी होती. वाटेत आलेला सदरा बाजूला करताना खिशातला कागद तिच्या हाती आला होता आणि तिनं तो उघडलाही होता. "मी म्हणलेच व्हते, ह्या माणसाला बोलवू नका. खिशात अर्ज आन हातात कुदळ! वाचा, पास्टर, वाचा. आमिष म्हणं! मला तर दम्याचं औषध बी स्वतःच आणावं लागतंय."

पास्टरनं कागद वाचला. "आप्पा, सही न्हाई ह्याच्यावर."

"करणार असंल संध्याकाळी," सुमनबाई म्हणाली. "मेलेल्या बाईची तेवढी फजिती झाली की."

खड्ड्यातून वर बघितलं की माणसांचे आधी पाय दिसतात. शरणप्पाभोवती पायांचं कडं होतं. आणि त्यानं बघितलं, एकेक पाय मागे सरकत होता. टाचा मातीत रुतत होत्या. अंगठे वाकडे होत होते. जन्मभर तो लोकांचे पाय असे मागे जाताना बघत आला, आणि दर वेळी वाटायचं, यांच्या मनात काहीतरी आहे. आज आतून बघताना कळलं, ते त्याला भीत होते.

"आप्पा, खरं सांगा," पास्टर म्हणाला. आवाज तोच, तुरीत ऐकलेला, घोगरा. "हे मुद्दाम हाय का?"

नाही म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? त्यानं स्वतः ठेवला असता का? शरणप्पा पायांमधून एकच जोडी शोधत होता. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं, जोडवी झिजलेली. ते पाय उत्तरेच्या काठावर होते. मागं सरकले नव्हते.

"मुद्दाम न्हाई," साखराबाई म्हणाली. "त्यांच्या हाताला दुसरं खणताच येत न्हाई. त्रेचाळीस वर्सं हेच खणायलेत."

"तू तर म्हणणारच, तुझा नवरा हाय," सुमनबाई म्हणाली.

साखराबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती वाकली. खुंटीला अडकवलेली सुतळी तिनं उचलली, हिरवी चिंधी बोटांत धरून बघितली, मग चप्पल काढून सुतळी आपल्या तळपायाला लावली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत. गाठ बरोबर अंगठ्याच्या टोकावर आली.

"हे तर माझंच हाय," ती म्हणाली.

मागून एक म्हातारी हसली, "अगं माय, जित्या बायकोचा खड्डा खणला की ह्या बाबानं!" आणि पेटीशेजारी, मयताच्या दिवशी, तोंडावर पदर धरून बाया हसल्या. सुमनबाईही. तिला हसता हसता खोकला लागला.

साखराबाई हसली नाही. ती पायरीवर पाय ठेवून खाली उतरू लागली. गुडघ्यानं दगा दिला, तशी शरणप्पानं तिला बगलेत धरून आत घेतलं. दोन माणसांना उभं राहायला तिथं कशीबशी जागा. ती धापा टाकत होती. "पाय भरून आला," ती म्हणाली आणि मागं बघून सरळ कोनाड्यात बसली. पाठ टेकली. पाठ नेमकी बसली.

"ऊठ," शरणप्पा म्हणाला. "ऊठ तिथून. जित्या माणसानं बसू न्हाई."

"बसू द्या जरा. माझ्याच मापाचं हाय म्हणं." ती हळू बोलत होती, काठावर ऐकू जाणार नाही इतकी. "आता इचारा. दोन महिने पायाकडं बघायलात माझ्या. काय इचारायचं ते इचारा."

वरून पंधरा तोंडं वाकलेली. शरणप्पा तिच्या कानाशी वाकला.

"त्यांच्या धर्माचं पाणी घेतलंस का?"

"केवळानं घेतलं. नदीत. मी काठावर व्हते, तिची चप्पल धरून."

"आन तू?"

"लई गार व्हतं पाणी," साखराबाई म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे आता मला वर काढा. तिला आडवं पडायचं हाय. जल्मात ती बाई दुपारची कधी निवांत पडली न्हाई. उत्तरेकडून वाढवा, तिकडं माती मऊ हाय."

त्यानं तिला वर काढलं. मग त्यानं कुदळ घेतली. पास्टरनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि फावडं उचललं. तो मशीनवाला, फावडं उलटं धरत होता. शरणप्पानं त्याच्या हातातून घेऊन सरळ करून परत दिलं. दोन्ही म्हातारे उतरले. बायांनी घमेली ओढली. दीड तासात खड्डा लांब झाला. दक्षिणेचा कोनाडा मात्र तसाच राहिला, बुजवायला कुणाला सुचलं नाही. केवळाबाईच्या डोक्याशी एक रिकामी बैठक. पेटी उतरली. माती टाकताना शरणप्पा साखराबाईकडे बघत होता. तिनं दोन मुठी टाकल्या. ओठ हलले. कुठले शब्द, ते त्याला कळलं नाही.

शरणप्पा सदरा घालत असताना पास्टरनं कागद त्याच्या हातात दिला. घडी घालून, जसा होता तसा. शरणप्पाला वाटलं, फाडला असता तर बरं झालं असतं. फाडला का नाही?

रस्त्यावर हणमंतराव गाडीला टेकून उभे होते. "आप्पा, तुमी पण? अर्ज कुठाय?"

शरणप्पानं कागद काढून दिला.

"दस्तखत कुठाय?"

"शक मिटल्याबिगर मी दस्तखत करत न्हाई."

"अजून कुणावर शक हाय तुमचा?"

शरणप्पानं त्यांच्या पांढऱ्या चपलेकडे बघितलं. अंगठा शेडाकडेच होता. "तुमच्यावर," तो म्हणाला आणि चालू लागला. साखराबाई दहा पावलं पुढे होती, लंगडत. तो तिला गाठायला घाई करत नव्हता.

धुऱ्यावर लिंबाजवळ ती थांबली. मोकळ्या दोन जागांवर गवत वाढलं होतं. "हे काढा," ती म्हणाली. "साप बसतील."

"तुला इथं बसायचं हाय का?" आलंच तोंडातून. दोन महिन्यांचं सगळं त्या एका वाक्यात.

"मग कुठं बसू? बिलोलीला?"

"गळ्यात लिंग न्हाई तुझ्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली, जसं कुणी इतक्या उशिरा विचारलेल्या प्रश्नाकडे बघतं. "दोरा तुटला. खुरपताना. हरवंल म्हणून ठिवलंय."

"कुठं?"

"घरात."

"सांगितलं न्हाईस."

"तुमी इचारलं न्हाई. बघत बसलात."

घरी आल्यावर ती मोरीत पाय धुवायला गेली. शरणप्पा देवळीत बघून आला, ट्रंकेत बघितलं, उतरंडीत हात घातला. मग ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीचं झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. दाणे गार होते.

"खाली," मोरीतून आवाज आला. "कोपऱ्यात. डाव्या अंगाला."

तो शोधत असेल हे तिला न बघता ठाऊक होतं. हाताला काहीतरी लागलं. त्यानं बाहेर काढलं. चांदीची डबी, लिंगाची, एका छापील कागदात गुंडाळलेली. त्यानं कागद सोडला. त्यांच्या गाण्यांचा कागद होता, शेडातला. एका बाजूला गाणं. दुसऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली दोन नावं. साखराबाई. खाली, शरणप्पा.

डबी एका हातात, कागद दुसऱ्या हातात घेऊन तो उभा राहिला. डबी मिळाली होती. कागदही मिळाला होता. दोन्ही एकाच पुडीत ठेवणाऱ्या बाईचं काय समजायचं, ते मलप्पानं शिकवलं नव्हतं.

साखराबाई ओल्या पायांनी आत आली.

"माझं नाव कशाला दिलंस त्यांना?" त्यानं विचारलं.

"पहिल्या दिवशी म्हणले, एक तुमचं नाव सांगा आन एक ज्याच्यासाठी मागायचं त्याचं." तिनं पदराला हात पुसले आणि डबी घेण्यासाठी डावा हात पुढे केला. "मला दुसरं कुणाचं आठवंना."